अंडं न चालणाऱ्यांचं कस्टर्ड

पुणे-नगर रस्त्यानं निघालं की वाघोली, लोणीकंद, पेरणे, कोरेगाव भीमा आणि मग सणसवाडी. कंपन्यांची शेडं, वळणावर अडकलेले कंटेनर, कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आणि त्यांच्या अधेमधे मंगल कार्यालयं. लगीनसराईत यांतल्या एखाद्या कार्यालयात जेवायला बसलात, तर मसालेभात, मठ्ठा आणि पुरीच्या सोबतीला बऱ्याचदा एक फिकट पिवळी, गार, दाटसर वाटी पुढ्यात येते. आत केळी, चिकू, सफरचंदाचे तुकडे, वर डाळिंबाचे चार दाणे. आपण तिला फ्रूट सॅलड म्हणतो. पुरी बुडवून खातो, एक वाटी संपली की दुसरी मागतो.

पंगतीत एखादे माळकरी बाबा असतातच. वाढपी बादली घेऊन समोर आला की ते वाटीवर हात आडवा धरतात. "अंडंबिंडं नाय ना रं ह्यात?"

"नाय ओ बाबा, पावडरीचंय."

हात बाजूला होतो, वाटी भरते. मला हा संवाद फार आवडतो. बाबांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त असतो, कारण या वाटीतला पदार्थ मुळात अंड्याचाच. आणि वाढप्यानं दिलेल्या उत्तरामागे एका इंग्रज बाईचं नाजूक पोट उभं आहे. तिला नगर रस्ता ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

कस्टर्ड हा पक्का इंग्रजी घरगुती पदार्थ. आजारपणात आईनं काय भरवलं, शाळेच्या जेवणात शेवटी गोड काय असायचं, आणि बाहेर पाऊस पिरपिरत असताना सफरचंदाच्या गरम क्रंबलवर काय ओतलेलं हवं, असे तीन प्रश्न एखाद्या इंग्रजाला विचारा. तिन्हींचं उत्तर कस्टर्ड येण्याची शक्यता दांडगी. अस्सल कृती जुनी आहे: दूध, साखर आणि अंड्यातला पिवळा बलक, मंद आचेवर न थांबता ढवळायचं. बलकातली प्रथिनं तापली की एकमेकांत गुंततात आणि दूध दाट होतं. मात्र जरा आच वाढली की तीच प्रथिनं आक्रसतात, पाणी सोडतात आणि कस्टर्डचं चोथापाणी होतं. चार-पाच अंशांचा खेळ.

बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता होता, रसायनांत हात असलेला. त्याची बायको एलिझाबेथ हिला कस्टर्ड आवडायचं आणि अंडं सोसायचं नाही. तेव्हा त्यानं १८३७ साली अंड्याशिवाय दूध दाट करणारी पावडर बनवली. बायकोपुरतीच. असं सांगतात, की एकदा घरी आलेल्या पाहुण्यांना चुकून तेच कस्टर्ड वाढलं गेलं आणि पाहुण्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. तिथून धंदा सुरू झाला. गोष्ट इथं संपत नाही. एलिझाबेथबाईंना यीस्टही सोसत नसे, म्हणजे पावाचीही पंचाईत. त्यासाठी बर्डनं १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली, आणि पुढे क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश सैनिकांना ताजा पाव मिळावा म्हणून ती रवाना झाली. एका बाईच्या पोटाच्या दोन तक्रारी आणि त्यांतून जगभरच्या स्वयंपाकघरांतल्या फळीवरचे दोन डबे!

बायकोला सोसत नाही म्हणून पदार्थ बदलणाऱ्या नवऱ्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. 'तू नको खाऊस मग' म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

अंडं न चालणारं आणखी एक माणूस इंग्लंडात १८८३ साली पोचलं, आणि त्याचा या मुलखाशी थेट संबंध आहे. पंडिता रमाबाई. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पण धर्म बदलला तरी ताट बदललं नाही; त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना हे जुन्या जातिअभिमानाचं शेपूट वाटत असे. रमाबाईंनी पत्रातून दिलेलं उत्तर त्यांच्या स्वभावाला साजेसं आहे. एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत राहायला गेली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ज्यांचा त्रास नाही अशा आपल्या सवयी तिनं सोडल्या नाहीत, तर तिला गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का, असा त्यांचा सवाल होता. आणि आपण पूर्वजांच्या चालीरीती जमेल तेवढ्या पाळतो, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

त्यांची अडचण कळायला इंग्रजी स्वयंपाकघरात जरा डोकावावं लागतं. तिथं मांस फक्त ताटात दिसतं तेवढंच नसतं. ख्रिसमसच्या पुडिंगमध्ये सुएट असतं, म्हणजे गाय-मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. जेली जिलेटिनची, म्हणजे हाडा-कातड्याची. आपल्याकडे मंचुरियनच्या गाडीवरही भेटणाऱ्या वुस्टर सॉसच्या मूळ कृतीत खारवलेली अँकोव्ही मासळी आहे. गोड, मऊ, निरागस दिसणाऱ्या पदार्थांतच हे सगळं दडलेलं. परक्या माणसानं तिथं प्रत्येक वाटीवर हात आडवा धरावा, अशीच परिस्थिती.

रमाबाई इंग्लंड-अमेरिका करून परतल्या आणि पुढे त्यांचं मोठं काम उभं राहिलं ते केडगावात. सणसवाडीहून शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, न्हावरे करत खाली उतरलं आणि भीमा ओलांडली, की दौंड तालुका. त्यातलं हे केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुली तिथल्या 'मुक्ती'त वाढल्या. हजारोंच्या पोटाचा प्रश्न सोडवणाऱ्या या बाईला परदेशात स्वतःच्या ताटावरून वाद घालावा लागला होता, हे मला तिथून जाताना दर वेळी आठवतं.

बरं, आता वाढप्याच्या त्या 'पावडरी'कडे वळू.

कस्टर्ड पावडरच्या डब्यात असतं काय? मक्याचा स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोअर. चिमूटभर मीठ, व्हॅनिलाचा वास, पिवळा रंग. संपलं. अंड्याचा मागमूस नाही आणि तरी अंड्याचं काम चोख होतं. हे कसं, ते पातेल्याशेजारी उभं राहून पाहण्यासारखं आहे.

मक्याच्या स्टार्चचा एक कण साधारण पंधरा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचे साठ-सत्तर भाग केले तर त्यांतला एक. त्याच्या आत ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या घट्ट गुंडाळून बसलेल्या. सुमारे पाव हिस्सा सरळ साखळ्यांचा, त्यांना अ‍ॅमिलोज म्हणतात; उरलेला फांद्या फुटलेल्यांचा, तो अ‍ॅमिलोपेक्टिन. गार दुधात हा कण विरघळत नाही. नुसता तरंगतो, आणि ढवळणं थांबवलं की तळाशी जाऊन बसतो. दूध तापायला लागलं तरी बराच वेळ काहीच घडत नाही. नवखा माणूस इथं धीर सोडतो आणि आणखी दोन चमचे पावडर टाकतो. मग साधारण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान एकाएकी पळीला दूध जड लागतं. त्या क्षणी कणांतल्या गाठी सैल होतात, पाणी आत शिरतं, कण कितीतरी पट फुगतात, आणि सरळ साखळ्या बाहेर निसटून दुधात पसरतात. फुगलेल्या कणांची इतकी दाटी होते की दुधाला मोकळेपणानं वाहायला जागाच उरत नाही. अर्धा मिनिट आधी पाण्यासारखं असलेलं दूध पळीच्या पाठीला थर देऊन राहतं. कितीही वेळा पाहिलं तरी मला हे खरं वाटत नाही.

पावडर आधी गार दुधात कालवून घ्या, हे डब्यावर का छापलेलं असतं, तेही इथंच कळतं. कोरडी पावडर थेट उकळत्या दुधात पडली, तर बाहेरचे कण लगेच फुगून चिकट कवच करतात आणि आतली पावडर कोरडीच्या कोरडी कोंडली जाते. गुठळीचं मर्म एवढंच. घाईत केलेल्या पिठल्यात जी होते, तीही याच जातीची.

गार होताना दुसरा अंक सुरू होतो. दुधात पसरलेल्या सरळ साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात, त्यांचं जाळं विणलं जातं आणि कस्टर्ड बसतं. म्हणून एकाच पातेल्यातल्या ऐवजाचे दोन अवतार होतात. इंग्रज त्याला पहिल्या अवतारात खातो: गरम, वाहतं, क्रंबलवर किंवा वाफवलेल्या पुडिंगवर धारेनं ओतलेलं. आपण दुसऱ्या अवतारात खातो: बर्फात ठेवलेलं, दाट, फळं घातलेलं. बर्मिंगहॅमच्या डिसेंबरात पोटाला ऊब हवी असते आणि सणसवाडीच्या मे महिन्यात घशाला गारवा. मराठी घरातलं माणूस पहिल्यांदा इंग्लंडात जातं आणि पुढ्यात गरम कस्टर्ड येतं, तेव्हा ते क्षणभर चक्रावतं. चव ओळखीची, पण ती वाफाळताना कधी भेटलेली नसते.

आचारी लोक या सगळ्या भानगडी कागदावर न शिकता हाताळतात. कस्टर्ड गार होईपर्यंत अधूनमधून ढवळतात, कारण वर साय धरते: पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं आणि दुधाची प्रथिनं तिथं दाटतात. ताजा अननस ते घालत नाहीत. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि थोड्या वेळात सगळं कडवट लागतं. डब्यातला अननस मात्र चालतो, कारण डबाबंद करताना तापवल्यामुळे ते विकर निकामी झालेलं असतं. आणि उष्टा चमचा पातेल्यात घालू देत नाहीत. आपण याला शिवाशीव किंवा स्वच्छता समजतो, पण त्यात आणखी एक गंमत दडलेली आहे. आपल्या लाळेत अ‍ॅमिलेज असतं, स्टार्चच्या साखळ्या कापणारं. घट्ट कस्टर्डच्या दोन वाट्या घ्या. एकीत चाटलेला चमचा घालून नीट ढवळा, दुसरीत स्वच्छ. थोड्या वेळानं पाहा: पहिली वाटी पातळ झालेली असते. पचन पोटात नव्हे, ओठांपाशीच सुरू होतं, याचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नसेल. घरात शाळकरी पोर असेल तर जरूर करून दाखवा.

कच्च्या पावडरीची आणखी एक जादू. कॉर्नफ्लोअरमध्ये बेताचं पाणी घालून लापशीसारखं कालवा. बोट सावकाश घातलं तर सुळकन आत जातं. बुक्की मारली तर हात दगडावर आपटल्यासारखा थडकतो. जोर अचानक आला की कणांमधलं पाणी बाजूला पळतं आणि कण एकमेकांवर अडकून बसतात. जोर ओसरला की पुन्हा पाणी. ब्रिटिश टीव्हीवरच्या एका विज्ञान कार्यक्रमात तलावभर कस्टर्डवरून माणूस चालत गेला होता. चालत राहिला तोवर वर, थांबला की आत.

आणि ही साधीभोळी पावडर स्फोटही करू शकते. बर्डचा कारखाना बर्मिंगहॅममधून हलून बॅनबरी गावी गेला होता. तिथं नोव्हेंबर १९८१ मध्ये स्टार्चची कोठी भरताना पावडर ओसंडली, हवेत धुरळा उडाला, ठिणगी मिळाली आणि नऊ कामगार जखमी झाले. ढिगात पडलेलं पीठ सहजी पेटत नाही. पण तेच बारीक होऊन हवेत तरंगायला लागलं, की प्रत्येक कणाला चहूबाजूंनी ऑक्सिजन मिळतो आणि सगळे एकदम जळतात. साखर, पीठ, लाकडाचा भुसा, सगळ्यांना हेच लागू. सणसवाडीसारख्या औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांनी शेडमधल्या धुळीकडे जरा आदरानं पाहावं. (बर्डचा बर्मिंगहॅममधला जुना कारखाना आजही उभा आहे. त्यात दुकानं आणि कलाकारांचे गाळे आहेत, आणि नाव ठेवलंय कस्टर्ड फॅक्टरी.)

ही पावडर मराठी घरांत रुळवणाऱ्यांत एक नाव पुण्याचंच आहे: वीकफिल्ड. १९५६ साली सुरू झालेली ही कंपनी कस्टर्ड पावडर, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर बनवते. म्हणजे एलिझाबेथबाईंच्या दोन्ही तक्रारींवरचा इलाज एकाच छताखाली. तिचा पत्ता कुठला, तर नगर रस्ता. त्याच रस्त्यानं पुढं आलं की सणसवाडीची मंगल कार्यालयं. डब्यावर हिरवा ठिपका असतो. अंड्याची अडचण इंग्रजांनाही आली होती. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाच्या रेशनिंगमध्ये माणशी आठवड्याला एक ताजं अंडं मिळायचं, तेव्हा तिथल्या घरांनाही या पावडरीनंच सावरलं. रेशनिंग पूर्ण उठायला १९५४ उजाडलं. तोवर एका अख्ख्या पिढीच्या जिभेवर बिनअंड्याचंच कस्टर्ड 'खरं' म्हणून बसलं होतं. आज कित्येक इंग्रजांना अंड्याचं अस्सल कस्टर्ड वाढलं, तर हे काहीतरी वेगळंच लागतंय म्हणतील.

इंग्रजी खाण्याला बेचव म्हणून हसायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मसाल्याच्या बाबतीत हसणं ठीक. पण आच, वाफ आणि पीठ यांच्या बाबतीत ती मंडळी पोचलेली आहेत. यॉर्कशर पुडिंग घ्या. रविवारच्या भाजलेल्या मांसाबरोबर येणारी ही खोलगट, सोनेरी, पोकळ वाटी. मैदा, अंडं, दूध यांचं पातळ पीठ धूर निघेपर्यंत तापलेल्या चरबीत ओततात आणि भट्टीचं दार लावून घेतात. तळ आणि कडा लगेच पकडतात, आतल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. बाहेर पडायला वाट नाही, मग पीठच वर उचललं जातं. तेल पुरेसं तापलेलं असेल तर आपली पुरी टम्म फुगते, ती याच हिशेबानं. फरक एवढाच की पुरी वाटीत बुडवली की बसते आणि पुडिंगमधलं अंडं भट्टीत कडक होऊन त्याचा डोलारा धरून ठेवतं. २००८ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं जाहीर केलं, की चार इंचांहून कमी फुगलेल्याला यॉर्कशर पुडिंग म्हणू नये. रसायनशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेनं पुडिंगची उंची ठरवून द्यावी, या गोष्टीचं मला अजून कौतुक आहे. आपल्याकडे पुरणपोळीच्या जाडीबद्दल असं काही झालं, तर पुण्यात आणि नागपुरात वेगवेगळे ठराव होतील.

हे पुडिंग पूर्वी मांसाच्या आधी वाढत, ग्रेव्हीत भिजवून. पोट त्यावरच भरावं आणि महागडं मांस कमी लागावं, हा हिशेब. 'यॉर्कशर पुडिंग' हे नाव छापणारं हॅना ग्लासबाईंचं १७४७ सालचं पाकपुस्तक प्रसिद्ध आहे, आणि त्याच पुस्तकात हिंदुस्थानी पद्धतीच्या करीची कृतीही आहे. अस्सल इंग्रजी म्हणवणाऱ्या ताटाखाली असं बरंच परकं खणून काढता येतं. त्यांच्या न्याहारीतली केजरी म्हणजे आपली खिचडी, डाळ काढून धुरावलेला मासा आणि उकडलेली अंडी घातलेली. फिश अँड चिप्समधला पीठ लावून तळलेला मासा स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी आणला, बटाटा दक्षिण अमेरिकेचा, आणि दोघांची जोडी लागून दुकानं निघाली १८६० च्या सुमारास. महायुद्धात हा पदार्थ सरकारनं रेशनमध्ये घातला नाही. गरिबाच्या जिवाला तेवढाच विसावा.

विसावा तरी सगळ्यांच्या वाट्याला कुठून येणार? सणसवाडीहून पुण्याकडे मागे वळून भीमेचा पूल ओलांडला की पेरण्याचा जयस्तंभ. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं मानवंदनेला आले. त्याआधी, १९२० ते १९२३, लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी जे इंग्रजी अन्न खाल्लं ते पैशाच्या ओढगस्तीतलं होतं. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बैठक, घरमालकिणीकडची तुटपुंजी न्याहारी, रात्री बोव्हरिलचा पेला आणि बिस्किटं, आणि तरीही भूक राहिली की भाजलेला पापड. धनंजय कीरांच्या चरित्रामुळे हे तपशील मराठी वाचकांना माहीत आहेत. ते राहिले होते ते प्रिमरोझ हिलजवळचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. आता तिथं स्मारक आहे.

बोव्हरिल म्हणजे मांसाचा घट्ट काळा अर्क. चमचाभर गरम पाण्यात ढवळला की पेलाभर खारट, दमदार कढण. आजही इंग्लंडात थंडीत फुटबॉलच्या मैदानावर लोक ते पितात. एवढ्याशा चमच्यात भरल्या ताटाचा भास होतो, तो ग्लुटामेटमुळे. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या कढणातून हे द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडची ही चव. पोटात प्रथिनं येत आहेत अशी वर्दी ती जिभेला देते. पोट अर्धं रिकामं असताना ही वर्दी किती कामाची आणि किती फसवी, हे त्या तीन वर्षांत बाबासाहेबांइतकं कुणाला कळलं असेल!

बोव्हरिलचं शाकाहारी भावंड म्हणजे मार्माइट, आणि त्याची मुंबईतली कहाणी ऐकून मी अवाक झालो होतो. बिअर गाळल्यावर तळाशी यीस्टचा गाळ उरतो. हा टाकाऊ गाळ आटवून खाता येतो, हे जर्मन रसायनतज्ज्ञ लीबिगच्या ध्यानात आलं. १९०२ साली बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावी मार्माइटचा कारखाना निघाला. यीस्टमध्ये मीठ घातलं की पेशी मरतात आणि त्यांच्याच आतली विकरं त्यांना पचवून टाकतात. उरतो तो डांबरासारखा काळा, चिकट, भयंकर खारट लगदा. निम्म्या इंग्लंडचा जीव की प्राण, उरलेल्या निम्म्याला बघवत नाही.

१९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिला एका कोड्याचा तपास करायचा होता. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि त्यांतल्या कित्येक दगावत. रक्ताच्या नमुन्यात तांबड्या पेशी कमी आणि वाजवीपेक्षा मोठ्या दिसायच्या. अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका पंडुरोगावर काळजाचा उपचार १९२६ पासून माहीत झाला होता. पण त्या रोगाला लागू पडणारा काळजाचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना काही लागू पडेना. विल्सबाईंनी घरोघरच्या खाण्याची चौकशी केली. गरीब घरांत भाजीपाला, फळं, दूध जेमतेम. तिनं तसाच निकस आहार उंदरांना घालून पाहिला, आणि मग त्यात मार्माइट मिसळलं. उंदीर सुधारले. मग गरोदर बायकांना मार्माइट दिलं. थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशींची लाट आली, चेहऱ्यावर तजेला आला. काळजाच्या मानानं हे औषध कितीतरी स्वस्त, आणि कुणाच्याही धर्माला चालणारं. १९३१ मध्ये तिनं हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले.

मार्माइटमध्ये नेमकं होतं काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. लोक नुसतं 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या ढिगातून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक अ‍ॅसिड हे नाव पडलं. पेशी दुभंगताना आतल्या डीएनएची नक्कल करायला ते लागतं. गरोदरपणात आईच्या आणि बाळाच्या पेशी झपाट्यानं वाढत असतात, म्हणून त्याचा तुटवडा तिथं आधी जाणवतो. रक्तपेशींना दुभंगायचं असतं, पण डीएनए पुरत नाही. मग त्या नुसत्याच फुगत राहतात. परळच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या मोठ्या का दिसत होत्या, त्याचा उलगडा असा झाला. १९९१ च्या एका मोठ्या चाचणीनं दाखवलं, की गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर बाळाच्या मणक्यातले जन्मजात दोष पुष्कळ टळतात.

आज शिरूर-दौंड तालुक्यांतल्या कुठल्याही आशाताईच्या पिशवीत गरोदर बायकांसाठी लाल गोळ्यांची पाकिटं असतात: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस, रोज एक. गोळीनं मळमळतं म्हणून सुना ती उशीखाली दडवतात आणि ताया पाठपुरावा करतात. त्या गोळीतला एक हिस्सा गिरणगावातल्या बायकांच्या रक्तातून आणि इंग्रजी न्याहारीच्या बरणीतून आलेला आहे.

विल्सबाईंची शाळा चेल्टनहॅम लेडीज कॉलेज. १९०३ मध्ये त्या तिथं दाखल झाल्या तेव्हा प्रमुख होत्या डोरोथिया बील. याच बीलबाईंच्या हाताखाली, याच संस्थेत, सुमारे वीस वर्षं आधी वाँटेजहून आलेल्या पंडिता रमाबाई शिकत होत्या, आणि तिथं त्यांनी संस्कृत शिकवलंही.

मार्माइट आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइनही मिळतं. पहिल्यांदा खाणाऱ्यांपैकी बहुतेक जण एकच घोळ घालतात: जॅमसारखं थापतात, आणि मग आयुष्यभर त्याला शिव्या घालतात. टोस्ट कडक भाजावा, गरम असतानाच त्यावर लोणी सढळ हातानं लावावं, आणि मार्माइट सुरीच्या टोकानं नखभर, असं पसरावं की खालचं लोणी दिसत राहील. सोबत चहा कडक. तरीही नाही आवडलं तर बरणी टाकू नका; रस्सा फिका झाला तर त्यात अर्धा चमचा ढवळा, आणि मग मीठ घालण्याआधी एकदा चाखून पाहा.